फ्रिजची गॅरंटी

मावशीच्या ओळखीचा एक गृहस्थ ताईला शहरात नोकरी लावतो म्हणून घेऊन गेला, तेव्हा बाबांनी त्याला एकच प्रश्न विचारला, "चहात साखर किती?" भेट म्हणून त्याने आणलेल्या फ्रिजची मात्र त्यांनी उलटतपासणी घेतली. दार दहा वेळा उघडून पाहिलं, मागची जाळी चाचपली, गॅरंटी कार्डावर पत्ता, सही आणि शिक्का घेतला, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. धाकटी हे सगळं दारातून बघत होती.

सहा महिन्यांत ताईचा एकही फोन आला नाही. "कामात असेल," बाबा म्हणाले. मग फ्रिज बंद पडला आणि त्यांनी घर डोक्यावर घेतलं. तडक त्या गृहस्थाला फोन लावला.

"ताईचंही विचारा ना," धाकटी म्हणाली.

"एका वेळी एकच तक्रार करावी," बाबांनी तिला गप्प केलं.

दुसऱ्याच दिवशी गृहस्थ हजर झाला. त्याने फ्रिजकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चहा घेऊन आलेल्या धाकटीला न्याहाळत तो म्हणाला, "दुरुस्ती कशाला? नवाच देतो, याहून मोठा."

बाबांनी चष्मा चढवला.

"गॅरंटी किती वर्षांची?"