वर सासू, खाली गीताबाई

मारुतीच्या ओट्यावर गीताबाईला उन्हाकडे पाठ करून बसवलं होतं, आणि वरवट बकाल गावची निम्मी वस्ती तिचा भांग बघायला लोटली होती. मारुतीकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. प्रेमानंद महाराजांनी मोरपिसाच्या कुंच्याने तिचा पदर मागे सारला, केसांत बोटं घातली आणि भांग उघडा केला. पांढऱ्याशुभ्र केसांच्या मुळाशी दोन बोटं काळेभोर केस उगवले होते.

"पाहा, बापहो," महाराज म्हणाले, "बुढी उतरून राह्यली. अंगारा डोक्यात शिरला, अन् बुढीले बूड टेकाले जागा राह्यली नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइल उंच धरले. एक म्हातारी पुढे येऊन गीताबाईच्या भांगाला हात लावून तो आपल्या कपाळाला लावून गेली. गीताबाई मान खाली घालून बसली होती. सकाळी खोकल्याबरोबर रक्त आलं होतं. ते तिने पदरात पुसलं, पदर धुतला आणि घरात कोणालाच सांगितलं नाही. खोकला आता इथेच येतो की काय, या धास्तीने ती श्वास जपून घेत होती.

आता हे भांगाचं प्रकरण काय, ते नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्हीही टाळ्या वाजवाल.

गीताबाईला किडनीचा कॅन्सर झाला होता. अकोल्याला ऑपरेशन करून किडनी काढली, पण रोग तोवर फुप्फुसात पोचला होता. डॉक्टर शरयू यांनी तिला एक गोळी सुरू केली. सलाईन नाही, दवाखान्यात राहणं नाही, घरी बसून पाण्याबरोबर घ्यायची गोळी. ही गोळी गाठीला होणारा रक्तपुरवठा तोडते, म्हणून गाठ वाढत नाही, असं त्यांनी समजावलं होतं. रोग मुळासकट जाणार नाही, पण जितका काळ दाबता येईल तितका दाबू, असंही स्पष्ट सांगितलं होतं. गोळीने काय काय त्रास होतो, तेही सांगितलं होतं. पण "जाणार नाही" हे शब्द कानावर पडले आणि रंगरावाचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, पुढचं ऐकणंच बंद झालं. वांगी-मेथी पिकवणारा सरळ माणूस तो. बायकोला घेऊन मुकाट्याने घरी आला.

गोळीने रोग दबला. स्कॅनमध्ये डाग आक्रसले. पण महिन्या-दोन महिन्यांत गीताबाईचे नवे केस पांढरे यायला लागले. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. कातडीवर पिवळी झाक आली. तळपाय इतके हुळहुळे झाले की ती पाय ओढत, वाकून चालायची. आणि गंमत अशी की जुने केस काळेच होते. डोकं कानापर्यंत पांढरं आणि खाली कमरेपर्यंत काळीभोर वेणी. गावातल्या बायका ते बघायच्या आणि आपसांत कुजबुजायच्या. वर सासू बसली हो, खाली गीताबाई राहिली.

सासू खरोखर तशीच होती. पांढरंफेक डोकं, पिवळट चेहरा, पाय ओढत चालणं. तिला साखरेचा आजार होता. शेवटच्या उन्हाळ्यात ती रोज आमरस मागायची आणि डॉक्टरांनी मना केलं म्हणून गीताबाई आंबे कोठीत लपवून ठेवायची. आखाजीच्या आधीच म्हातारी गेली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात आणि आमरसाचा नैवेद्य दाखवतात. त्या वर्षी पहिला रस सासूच्या नावाने ताटात वाढताना गीताबाईला कोठीत लपवलेले आंबे आठवले, आणि पुढे दर आखाजीला आठवतच राहिले.

म्हणून लोक काय म्हणतात त्याचं तिला फार वाटलं नाही. तिला भीती वाटायची ती आरशाची. दुपारी घर रिकामं असलं की कपाटाच्या आरशात म्हातारी उभी दिसायची. गीताबाई हलली की तीही हलायची. तोंडाला सगळंच लोखंडासारखं लागायचं, भाजी खाली उतरायची नाही, आणि ताट सरकवताना तिला वाटायचं, आता ही मला उपाशी ठेवते आहे. शेजारणींनी हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं. एकदा तिने पाण्याचा तांब्या पुढे केला, तर रंगराव बेसावधपणे तिला "माय" म्हणून गेला. त्या दिवशी कोणी जेवलं नाही.

अशा घरात प्रेमानंद महाराजांना शिरायला कितीसा वेळ लागणार? यंदाच्या आखाजीला त्यांनी मारुतीजवळ दरबार भरवला. आधी आठवडाभर त्यांचा एक चेला गावातल्या हॉटेलात चहा पीत बसला होता. रंगरावाने त्याच्याजवळच मन मोकळं केलं होतं, आंब्यांसकट. त्यामुळे गीताबाई समोर बसताच महाराजांनी डोळे मिटले, नाक वर केलं आणि म्हणाले, "मले आंब्याचा वास येऊन राह्यला." झालं. रंगरावाने तिथल्या तिथे लोटांगण घातलं.

पुढची बडबड तर ऐकण्यासारखी होती. ही गोळी माणसाचं औषध नाहीच म्हणे, भुताचा खुराक आहे. बाई गिळते आणि बुढी पोसते. जितकी गोळी पोटात, तितकी बुढी डोक्यात. उपाय काय? रस आणि गोळ्या एकत्र नदीत सोडा आणि रोज अंगारा लावा. मोरपीस डोक्यावरून फिरवायचं ते निराळंच. रंगरावाने आमरसाच्या पातेल्यात सगळ्या गोळ्या ओतल्या आणि पातेलं नदीत रिकामं केलं. गीताबाई काठावर उभी होती. तिने अडवलं नाही. तिलाही सासूपासून सुटका हवी होती.

आणि चमत्कार झाला. खोटं कशाला सांगू, खरंच झाला. तळपाय बरे झाले, ती शेतापर्यंत चालत जायला लागली. पिवळेपणा उतरला. तोंडाला चव आली, भाकरी-ठेचा गोड लागायला लागला. आणि भांगाच्या मुळाशी काळे केस फुटले. रंगरावाने गावभर पेढे वाटले. गीताबाई आरशात हसली सुद्धा.

मग खोकला सुरू झाला.

टाळ्या पडल्या त्या दिवशी ओट्यावरून उतरताना तिचं लक्ष महाराजांच्या मागे टांगलेल्या फलकाकडे गेलं. एका माणसाचे दोन फोटो होते. एकात पांढऱ्या मिशा, पांढऱ्या भुवया, पिवळा चेहरा. दुसऱ्यात मिशी काळी आणि तोंडावर हसू. खाली लिहिलं होतं, गोकुळभाऊ, बीबी. गीताबाई त्या पांढऱ्या भुवयांकडे बघत राहिली. असल्या भुवया तिने एकाच ठिकाणी पाहिल्या होत्या, आपल्या आरशात. हे भाऊ आता कसे आहेत, असं तिने विचारलं. महाराज म्हणाले, मजेत आहे, नांगर धरून राह्यला.

तिच्या सुनेचं, संजीवनीचं, माहेर बीबी गावचंच. घरी आल्यावर गीताबाईने तिला एवढंच म्हटलं की माहेरी फोन करून त्या माणसाची खुशाली विचार. संजीवनीने अंगणात जाऊन फोन लावला. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"आत्याबाई, तो माणूस मागच्या साली वारला. त्याले किडनीचा कॅन्सर होता."

गीताबाई अंगणात उन्हात जाऊन बसली आणि वेणी सोडली. एक लांब केस उपटून तिने परकराच्या पांढऱ्या कापडावर सरळ धरला. शेंड्याकडून काळा, मग पांढरा, मग मध्येच नखाएवढा काळा, मग पुन्हा पांढरा आणि मुळाशी काळा. दुसरा उपटला. तोही तसाच. तिसराही. मुळापासून मधल्या काळ्या पट्ट्यापर्यंतचं अंतर तिने नखाने मोजलं आणि महिने उलटे मोजत दिवाळीपाशी पोचली. दिवाळीत तळपाय सोलवटून फोड आले होते. तेव्हा डॉक्टर शरयू यांनी महिनाभर गोळी बंद ठेवली होती आणि फोड बरे झाल्यावर कमी मात्रेने परत सुरू केली होती. दिवाळीत या गावात कोणी महाराज आला नव्हता. कोणी अंगारा लावला नव्हता.

तिच्या अंगावर काटा आला, पण या वेळी तो भुताचा नव्हता. इतके दिवस आरशात आपण कोणाला भीत होतो आणि प्रत्यक्षात काय सोडून बसलो, ते तिला लख्ख दिसलं.

दुसऱ्या दिवशी ती संजीवनीला घेऊन अकोल्याला गेली. रंगराव मागोमाग आला. स्कॅनमध्ये डाग पुन्हा वाढले होते. डॉक्टर शरयू यांनी तो केस हातात घेऊन बघितला आणि केसांत काळा रंग भरण्याचं शरीराचं काम ही गोळी अडवते, बंद केली की रंग परत येतो, असं सांगितलं. पाय, चव, पिवळेपणा, सगळ्याचं तेच. गोळीचा त्रास गेला तो गोळी गेली म्हणून, आणि आत रोगाला रान मोकळं मिळालं. गोळी परत लागू पडेल का, असं गीताबाईने विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, खात्रीने सांगता येत नाही, पण आजच सुरू करू.

पुढच्या दरबाराला गर्दी दुप्पट होती. महाराजांनी कुंचा उचलला तेव्हा गीताबाईने तो बाजूला सारला आणि स्वतःच वेणी सोडून केस पुढे घेतले. उन्हात ते पट्टे सगळ्यांना दिसले.

"महाराज, हा काळा पट्टा दिवाळीचा हाय. तवा मी गोळी बंद केलती. तुम्ही तं आखाजीले आले. मंग दिवाळीत बुढी कुठं गेलती? माहेरी?"

लोक हसले. महाराजही हसले आणि म्हणाले, बाईची श्रद्धा कमी पडून राह्यली, बुढीच बोलून राह्यली तिच्या तोंडातून. पण तेवढ्यात संजीवनीच्या शेजारी बसलेली एक बाई उठली. सिंधूताई, गोकुळची बायको. बीबीहून संजीवनीने तिला आणलं होतं. ती फलकाजवळ गेली, नवऱ्याच्या फोटोवरची धूळ तिने पदराने पुसली.

"माझ्या मालकाची गोळी या माणसानं विहिरीत टाकाले लावली. मिशी काळी झाली म्हणून आम्ही पेढे वाटले. काळ्या मिशीनंच ते सरणावर गेले. म्या याच्या पायाशी येऊन सांगतलं, आता तो फोटो काढा. यानं काढला नाही."

महाराजांना सगळं ठाऊक होतं, हे ओट्यावरच्या शेवटच्या माणसालाही कळलं. ज्या म्हातारीने भांगाला हात लावून कपाळाला लावला होता, तिने पुढे होऊन फलकाची दोरी सोडली आणि फोटो सिंधूताईच्या हातात दिला. पोलीस पाटील येईपर्यंत चेला हॉटेलाच्या मागच्या दाराने पसार झाला होता. महाराजांना मात्र लोकांनी जागचं हलू दिलं नाही.

रंगराव घरी येऊन ओसरीत बसला आणि रडला. "तुले वाचवाचं होतं वं मले," एवढंच म्हणत राहिला. गीताबाईने त्याला रडू दिलं. मग गोळीचं पाकीट त्याच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "रोज तुमच्या हातानं देत जा."

ऐका, बापहो. औषधाने त्रास होतो, खोटं नाही. तो त्रास डॉक्टरला सांगा. मात्रा कमी होईल, थोडे दिवस गोळीला सुट्टी मिळेल, मलम मिळेल. पण औषध सोडल्यावर बरं वाटलं म्हणजे रोग बरा झाला, असं समजू नका. त्या बरं वाटण्याचं श्रेय कोणी घेत असेल, तर त्याला एवढं विचारा की आधी ज्यांना बरं केलंत ती माणसं आज कुठे आहेत, आणि त्यांच्या दारापर्यंत जाऊन बघा.

गोळी सुरू होऊन दोन महिने झाले. खोकला कमी आहे, रक्त थांबलंय. पुढचा स्कॅन काय सांगेल, ते डॉक्टरही आज सांगू शकत नाहीत. भाकरीला पुन्हा लोखंडाची चव लागते. काल दुपारी घर रिकामं होतं तेव्हा गीताबाईने कपाटाच्या आरशासमोर भांग पाडला. मुळाशी पांढरं फुटलं होतं. ती आरशातल्या म्हातारीला म्हणाली, "आले का, आत्याबाई? बसा. तुम्ही दिसता तवर माझी गोळी चालू हाय."

मग तिने पदर डोक्यावर घेतला आणि रंगरावाला हाक मारून पाणी मागितलं.