बेहड्यातली ढोली

रघूने दोरी ओढली, करवत घरघरली आणि नेमकी त्याच वेळी बकुळाकाकी बेहड्याला पाठ लावून उभी राहिली.

"काकी, बाजूला हो."

"आत ककणेरीन हाय," ती म्हणाली आणि जागची हलली नाही.

रघूने करवत बंद केली. त्याचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. खेडच्या वरच्या अंगाचा हा डोंगर मुंबईला राहणाऱ्या रितेशचा. त्याला सगळं रान साफ करून काजू लावायचा होता. उभी झाडं त्याने सर्वेश नावाच्या लाकूडवाल्याला विकली होती. सर्वेश झाडं घ्यायचा आणि रघू तोडायचा. कित्येक वर्षं रघूचं घर त्यावरच चाललं होतं. आज करवतीची साखळी दोनदा उतरली होती, टेम्पोवाला हॉर्न मारून जीव खात होता, आणि शेवटचं एकच झाड उरलेलं असताना खालच्या वाडीतली ही म्हातारी आडवी आली होती.

त्याने वर पाहिलं. उंचावर ढोली होती. तिचं तोंड लिंपून बंद केलेलं, मधे बोटभर फट. ककणेर, म्हणजे पुस्तकातला धनेश, त्याला लहानपणापासून ठाऊक होता. मादी ढोलीत शिरते, आतून तोंड लिंपून घेते, अंडी घालते, अंगावरची मोठी पिसं गाळते. तिला नि पिल्लांना नर फटीतून भरवतो. ठाऊक सगळं होतं; झाड तोडताना वर बघायची सवय मात्र त्याने ठेवली नव्हती.

तेवढ्यात नर आलाच. बसायच्या फांद्या तुटून गेलेल्या, म्हणून तो मोकळ्या झालेल्या डोंगरावर दोन घिरट्या घालून बेहड्यावरच उतरला. चोचीत उंबर होतं. खाली माणसं बघून तो ढोलीपाशी येईना आणि उडूनही जाईना. फटीतून मादीच्या चोचीचं टोक बाहेर आलं आणि तसंच राहिलं.

रघू मान खाली घालून झाडाच्या बुंध्याशी बघत राहिला. ढोलीखालच्या मातीत काजऱ्याची, जांभळीची रोपं दाटीने उगवली होती. नराने आणलेल्या फळांच्याच त्या बिया. असंच खात, टाकत या पाखरांनी हा सगळा डोंगर लावला असणार आणि आपण तो आठवड्याभरात उतरवला, हे मनात आलं तसा तो आणखीच चिडला.

त्याने सर्वेशला फोन लावला. सर्वेश म्हणाला, पाखरं जातील दुसरीकडे. मादीला उडायला पिसंच नाहीत, हे रघू सांगत राहिला. सर्वेशने उद्या दुसरा माणूस आणतो म्हणून फोन ठेवला. मग रघूने थेट रितेशला गाठलं. रितेश काही वाईट माणूस नव्हता. त्याने फोटो मागवला, मुलीला दाखवला, छान आहे म्हणाला. पण रान पावसाआधी साफ हवं होतं.

"पिल्लं उडून जाव देत. मंग मी सोता तोडून देतंय," रघू म्हणाला.

"शब्द?"

"शब्द."

चैत्र गेला, वैशाख चढला. सर्वेशचा भरवसा नव्हता, म्हणून रघूला एक दिवसाआड डोंगर चढावा लागे. सर्वेशने कामाला बोलावणं सोडलं. बायको नम्रता विचारी की पाखरांनी तुम्हाला नोकरीला ठेवलंय का. आणि डोंगरावर पोचलं की बकुळाकाकी उशीर केला म्हणून कुरकुरायची. रघूला सगळ्यांचाच कंटाळा आला होता.

एका सकाळी लिंपण फुटलेलं दिसलं. मादी आणि एक पिल्लू फांदीवर बसलं होतं, नर त्यांना भरवत होता. काही दिवसांनी तिघंही दिसेनाशी झाली.

रघूने पुन्हा रितेशला फोन केला. ही पाखरं दरसाल त्याच ढोलीत येतात, अशी ढोली व्हायला झाडाचा जन्म जातो, असं बरंच बोलला. पलीकडून उसासा आला.

"रघूकाका, शब्द तुम्हीच दिला होतात ना?"

दुसऱ्या दिवशी त्याने बेहडा तोडला.

सर्वेश आला, पडलेल्या खोडावर कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे पात्याची मागची बोथट बाजू, आपटून बघितला आणि म्हणाला की वरपासून खालपर्यंत पोकळ आहे, टेम्पोत घालण्याच्या लायकीचं नाही. रितेशला विचारलं तर तो म्हणाला, मग राहू दे तिथेच, काजू जरा बाजूला लावू.

रघूला चिडायलाही आता काही उरलं नव्हतं. सर्वेश निघून गेला. डोंगरावर रघू आणि बकुळाकाकी दोघंच राहिली. ढोलीचं तोंड आभाळाकडे झालं होतं. आत मादीची गळलेली पिसं दिसत होती. पश्चिमेकडून ढग वर चढत होते.

रघूने पहार आणून खोडाखाली घातली.

"काय करतंस?"

"पानी जाईल आत."

आत आता कोण आहे, असं काकीने विचारलं नाही. तिने पदर खोचला आणि पलीकडून खोडाला खांदा लावला. ढोलीचं तोंड जमिनीकडे वळेपर्यंत दोघं ते खोड ढकलत राहिली.