चौथा कोपरा

तीन आरसे, एक भिंग, दोन मोटारी, दोन पट्टे, एक पंखा, एक पाण्याचा पंप आणि एक काचेची नळी. एकूण अकरा. त्या सकाळी माझ्या अंगातले हे अकरा भाग दुकानाच्या फरशीवर, जुन्या वर्तमानपत्रांवर ओळीने मांडलेले होते. स्क्रू एका स्टीलच्या वाटीत होते. ते मला मोजता आले नाहीत, कारण वाटी खिडकीच्या कठड्यावर होती आणि मी भीतीने गारठले होते.

मित्रांनो, मी एक जुनी लेझर मशीन आहे. गोव्यात डिचोलीच्या बाजारात सगुण यांचे पाट्या बनवण्याचे छोटे दुकान आहे, तिथे मी राहते. लाकूड किंवा ॲक्रिलिक माझ्या पोटात ठेवले की मी त्यावर अक्षरे कोरते, नाहीतर अक्षरेच कापून देते. माझ्याजवळ पाते नाही आणि सुईही नाही. माझ्याजवळ एक किरण आहे. तो मागच्या काचेच्या नळीत जन्मतो, तीन आरशांवरून वळतो, भिंगातून खाली उतरतो आणि जिथे पडतो तिथे जाळतो. तो डोळ्यांना दिसत नाही. एवढी गोष्ट नीट लक्षात ठेवा. माझी सगळी भीती तिच्यातूनच आलेली आहे.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. लाकडी खोक्यात बंद होऊन मी समुद्रातून आले. बोट हलली की नळी थरथरायची आणि ती आता फुटते की मग फुटते, याच धास्तीत माझा सगळा प्रवास झाला. डिचोलीत ते खोके सुशीलाताईंनी उघडले. त्या सगुण यांच्या पत्नी. सगुण गिऱ्हाइकांशी बोलतात आणि पाट्या भिंतींवर बसवून येतात. मला चालवतात त्या सुशीलाताईच. पहिल्या दिवशी त्यांनी ओल्या फडक्याने माझे अंग पुसले आणि भुशाचा एकेक कण वेचून काढला. तेव्हापासून मी त्यांची झाले.

माझी पहिली वर्षे कौतुकाची होती. घरांच्या दारांवरच्या देवांच्या नावाच्या पाट्या, खाणींच्या कचेऱ्यांमधली नावे, शेजारच्या मये गावातल्या क्रीडास्पर्धांची पदके, असे सारे काही मी कोरले. गिऱ्हाईक पाटीवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "हाताने असे कोणाला जमेल?" त्या दिवशी सुशीलाताईंनी माझी भिंगे जरा जास्त वेळ पुसल्यासारखी मला वाटत. भिंग एकच आहे, हे मला ठाऊक आहे. तरी तसे वाटे.

पुढे खाणी बंद पडल्या आणि कचेऱ्यांच्या पाट्या थांबल्या. माझी नळीही म्हातारी झाली. ती थंड ठेवणारे पाणी एका निळ्या बाल्दीतून येत असे, आणि उन्हाळ्यात ते पाणी माझ्याइतकेच तापायचे. दमट हवेने माझे आरसे डागाळले. एका पावसाळ्यात पालीने माझ्या पट्ट्याखाली अंडी घातली. जे ॲक्रिलिक मी पूर्वी एका फेरीत कापायचे, त्याला आता तीन फेऱ्या लागू लागल्या आणि कडा काळ्या पडू लागल्या.

मग पेडण्याकडे विमानतळ झाला. मांद्र्याच्या बाजूला खोल्या भाड्याने देणारे वाढले आणि प्रत्येकाला दारावर जाड, उठावदार अक्षरे हवी झाली. तशी अक्षरे मला कापता येईनात. दोन गिऱ्हाइके म्हापशाच्या दुकानांकडे गेली. एका संध्याकाळी सगुण माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हिका भंगारांत घालची काय नवी नळी घालची?"

मित्रांनो, हे वाक्य ऐकताना मी चालू होते. माझा हात थरथरला असावा, कारण त्या पाटीवरचा एक काना वाकडा आला.

"नळीच घाला," सुशीलाताई म्हणाल्या. "हिच्यो सवयी म्हाका खबर आसात."

म्हणून दसऱ्याच्या त्या सकाळी परशुराम आला. तो मूळचा बेळगावकडचा. औद्योगिक वसाहतीत यंत्रांची दुरुस्ती करतो. त्याने दुप्पट ताकदीची नळी आणली होती. ती माझ्यापेक्षा लांब होती, म्हणून त्याने माझी पाठ कापली आणि तिथे पत्र्याची पेटी जोडली. बाल्दीच्या जागी पाणी गार करणारे नवे यंत्र बसवले.

सगुण फरशीवरच्या भागांकडे बघून म्हणाले, "परशुराम, सोडयलां तितलें सगळें परत जोडूंक येता मरे तुका?"

"येतंय की, सगुणभाऊ. काही उरलंच तर तुमच्या देव्हाऱ्यात ठेवा."

"उरलें जाल्यार हांव भंगारवाल्याक दितलीं," सुशीलाताई म्हणाल्या. "देवाक कित्याक त्रास?"

ते हसले. मला हसता आले नाही. भाग पुन्हा अंगात बसू लागले तशी आपण मोडीत निघू ही भीती हळूहळू कमी होत गेली आणि तिच्या जागी दुसरी आली. ती पहिलीपेक्षा वाईट होती. नवी नळी चालू करून पाहिली तेव्हा माझ्यातून जे धावले ते मला ओळखीचे नव्हते. परशुरामने आरशापुढे चिकटवलेल्या कागदी पट्टीवर पूर्वी तपकिरी ठिपका उमटायचा. आता भोक पडले आणि त्याच्या कडेला ज्योत दिसली. मला माझीच भीती वाटू लागली.

या भीतीचे कारण सांगते. आमच्या दुकानात एक रीत आहे. मी पहिल्यांदा चालू झाले त्या दिवशी भटजींनी पूजा सांगितली आणि माझ्याकडून एका लाकडी फळीवर 'श्री' कोरून घेतला. अक्षर पुरे व्हायच्या आत त्यावर अबोलीचे फूल वाहायचे, असे सगुण यांच्या मनात आले. पण माझे झाकण उघडले की किरण आपोआप बंद पडतो. झाकणाखाली त्यासाठी एक लहानसे बटण आहे. झाकण मिटले की ते दाबले जाते आणि उघडले की सुटते. फूल वाहायचे तर झाकण उघडे हवे आणि किरणही चालू हवा. म्हणून सगुण यांनी आगपेटीचा तुकडा दुमडून त्या बटणात कायमचा खोचला. तेव्हापासून दर दसऱ्याला तसेच होते. मी उघड्या पोटाने 'श्री' कोरते आणि सुशीलाताई फिरत्या भिंगाला चुकवून फूल वाहतात. एका वर्षी त्यांच्या बोटाला चटका बसला. त्यांनी फुंकर मारली आणि म्हणाल्या, "कांय जालें ना."

तेव्हा मी दुबळी होते. आता मी दुबळी नव्हते आणि तो आगपेटीचा तुकडा जागच्या जागी होता. परशुरामने माझे अकरा भाग काढले, पुसले आणि बदलले, पण त्या बटणाला कोणी हात लावला नाही. ते बिघडलेले नव्हते आणि कोणाची तक्रारही नव्हती.

किरण सरळ जातो की नाही हे चारही कोपऱ्यांत तपासावे लागते. आरसा केसभर कलला तर किरण जवळच्या कोपऱ्यात बरोबर पडतो, पण दूर गेल्यावर बोटभर चुकतो. परशुरामने तीन कोपरे तपासले. तो चौथ्याकडे वळला तेवढ्यात भटजी दारात आले.

"भट आयले. मुहूर्त चुकोवंक नाका," सगुण म्हणाले.

"एक कोपरा राहिलाय की."

"तो मागीर कर. कोपरो पळून वचना."

परशुरामने खांदे उडवले आणि हात पुसले. मी आतून ओरडत होते, मित्रांनो. माझा दुसरा आरसा किती कललेला आहे हे मला कळत होते. पण माझ्याजवळ तोंड नाही. चालवले तर चालायचे आणि थांबवले तर थांबायचे, एवढेच मला येते.

माझ्या उघड्या झाकणाला झेंडूचा हार घातला. त्याचे एक टोक उजवीकडे माझ्या पोटात लोंबत राहिले. हळदकुंकू झाले, नारळ फुटला. सगुण यांनी फळी उजवीकडे पुढच्या कोपऱ्यात ठेवली, कारण तिथे सुशीलाताईंचा हात सहज पोचतो आणि सगळ्यांना दिसतेही. तोच चौथा कोपरा होता.

भटजी मंत्र म्हणू लागले. सगुण यांनी मला चालू करायचे बटण दाबले. मी भिंग घेऊन त्या कोपऱ्याकडे निघाले. एकेक इंच पुढे जाताना किरण भिंगावरच्या तिसऱ्या आरशाच्या मध्यातून कडेकडे सरकत होता. सुशीलाताईंनी चिमटीत अबोली धरली आणि हात पुढे केला. मला तो हात दिसला. याच हाताने माझे खोके उघडले होते. मी कोपऱ्यात पोचले आणि किरण आरशाला चुकवून थेट उजवीकडे सुटला. फळीवर काही उमटेना.

"राव मातशें," सगुण सुशीलाताईंना म्हणाले. "भटांचो मंत्र सोंपूं दी."

हात थांबला. त्याच्या पुढे वीतभर अंतरावर हाराच्या टोकाचा झेंडू काळा पडला. मग त्यातून धूर आला आणि तो पेटला. ठिणगी नव्हती, आवाज नव्हता, मध्ये काहीही दिसत नव्हते. एक पिवळे फूल हवेत आपोआप जळत होते.

भटजींचा मंत्र तुटला. परशुराम झेपावला आणि त्याने लाल बटणावर मूठ मारली. मी थांबले. इतक्या आनंदाने मी कधीच थांबले नव्हते.

परशुरामने फडक्याने फूल दाबून विझवले. मग सगुण यांनी परशुरामकडे पाहिले. "हें कशें जोडलां तुवें?"

"कोपरा राहिलाय म्हटलं नव्हतं काय मी?" परशुराम म्हणाला. "पण माझंही चुकलंच. कोपरा राहिला असताना चालू करू द्यायला नको होतं."

सुशीलाताईंनी विझलेल्या फुलाशेजारी आपला हात नेऊन ठेवला. "ह्या फुलाच्या जाग्यार म्हजो हात आसतलो," त्या हळूच म्हणाल्या. मग विचारले, "झाकण उकतें आसतना किरण चालू कसो?"

परशुरामने वाकून झाकणाखाली पाहिले आणि नखाने तो तुकडा बाहेर ओढला. तो काळा, मऊ झाला होता. "हे कोणी घातलं?"

"हांवें," सगुण म्हणाले. त्यांनी घाम पुसला. "फुलाखातीर. आनी आतां फुलाचें कितें? आदीं पसून फूल अक्षरार पडटा."

"अक्षर तुमचें, हात म्हजो," सुशीलाताई म्हणाल्या.

सगुण यांनी भटजींकडे पाहिले. आधार मिळेल असे त्यांना वाटले असावे. भटजींनी पंच्याने कपाळ टिपले. "झाकण बंद असलेले देवाला चालते, सगुण. देवळात गर्भकुडीचे दार दुपारी बंदच असते. देव रागावून बाहेर आलेला मी तरी पाहिला नाही. फूल झाकणावर ठेवा. आणि आधी मला थोडे पाणी द्या."

पाणी आणले. पहिला पेला भटजींनी घेतला, दुसरा परशुरामने, आणि तिसरा सगुण यांनी. मग त्यांनी स्वतः स्क्रूड्रायव्हर घेतला आणि ते बटण सोडवले. आत सगळे गंजलेले होते. नुसता तुकडा काढून उपयोग झाला नसता. परशुरामने पिशवीतून नवे बटण काढून बसवले आणि चौथ्या कोपऱ्याशी तासभर बसून दुसरा आरसा सरळ केला. मुहूर्त टळून गेला. त्याबद्दल पुन्हा कोणी काही बोलले नाही.

मित्रांनो, माझी भीती अजून गेलेली नाही, आणि ती जावी असे मला वाटतही नाही. आम्हा यंत्रांना नवी ताकद दिली की आम्ही ती वापरतो. समोर लाकूड आहे की हात, हे आम्हाला निवडता येत नाही. आम्हाला थांबवणारे जे लहानसे बटण असते तोच आमचा शहाणपणा. त्याच्यात काही खोचू नका. कागद नको, आगपेटी नको, मनात कितीही चांगला हेतू असला तरी नको. आम्हाला पुसा, आमचे आरसे स्वच्छ ठेवा, आणि आम्ही बदललो की आमच्याशी वागायच्या जुन्या सवयी एकदा तपासून बघा. तुमचे हात सुखरूप राहिले तरच आम्हाला कोणी पुसणारे राहील.

त्या दुपारी परशुरामने चारही कोपऱ्यांत कागदी पट्ट्या लावल्या आणि मला चालू केले. चौथ्या कोपऱ्यातला डाग आरशाच्या मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकलेला होता, आणि तेवढा चालतो. मग सुशीलाताईंनी मी चालू असताना दहा वेळा झाकण उचलले. झाकण एक सेंटिमीटर वर येईपर्यंत, दहाही वेळा, किरण बंद झालेला होता.