केसभर सरकलेलं भोक

ती शिंक माझीच होती. आता सांगून टाकायला हरकत नाही. ज्या साहेबांनी मला त्यापायी घरी बसवलं असतं ते स्वतःच निवृत्त होऊन मधमाश्या पाळतात, आणि मधमाश्यांना माझ्या शिंकेशी काही देणंघेणं नाही.

आमचा कारखाना गाण्याच्या तबकड्या छापायचा. माझ्याकडे साच्याला मधोमध भोक पाडायचं काम. भिंगातून बघायचं, श्वास रोखायचा, खटका दाबायचा. एकतीस वर्षांत पाडलेली सगळी भोकं मधोमध. एक सोडून.

प्रत्येक साच्यातून निघालेल्या पहिल्या पाच तबकड्या काचेच्या खोलीत ताईकडे जायच्या. ताई सगळ्या कारखान्याची ताई; माझ्याहून वीस वर्षांनी लहान, तरी मीही ताईच म्हणायचो आणि ती मला काका. तिच्या कानांवर हेडफोन आणि पुढ्यात निळ्या शाईचा गोल शिक्का. शिक्क्यावर एकच शब्द: पास. तो उमटल्याशिवाय सहावी तबकडी निघायची नाही.

आणि कान काय होते हो! एकदा तबकडी ऐकता ऐकता म्हणाली, "ढोलवाल्याचा डावा बूट त्याला घट्ट होतोय." साहेबांनी चौकशी केली, तर त्या माणसाच्या पायाच्या करंगळीवर ध्वनिमुद्रणाच्या आदल्याच दिवशी कुरूप कापलं होतं. हे मी वाढवून सांगत नाही. उलट बोट चुकवून कमी करून सांगतोय, ते अंगठ्यावर होतं. दोष कानावर पडला की ताईचा डावा हात आपोआप वर जायचा, चौकातल्या पोलिसासारखा. तिला विचारावं लागायचं नाही. हात वर, तबकडी भंगारात.

तर या ताईला एक धाकटी बहीण होती, आणि तिथेच सगळं दुखणं होतं.

लहानपणी दोघी भांडी घासताना गायच्या. ताई मुख्य, धाकटी मागे हूं हूं करायला. पुढे कुणीतरी ध्वनिमुद्रणवाला ताईचं नाव ऐकून घरी आला. ताई धाकटीला म्हणाली, "त्याचं यंत्र जुळेपर्यंत तू गा गं काहीतरी, मी केस विंचरून येते." ती केस विंचरून आली तेव्हा तो माणूस रुमालानं डोळे पुसत होता. त्यानं यंत्र बंद केलं, गुंडाळलं आणि धाकटीला घेऊन गेला. ताईच्या हातात फणी राहिली.

धाकटी सोल गायची. म्हणजे ते पोटाच्या खालून वर येणारं गाणं, ज्यात गाणारा रडत नाही पण ऐकणाऱ्याची पंचाईत होते. आवाज घोगरा, म्हणून लोक तिला घोगरीच म्हणायचे. तिच्या पहिल्या अल्बमनं हाहाकार उडवला. आमच्या गल्लीतल्या न्हाव्यानं तो दाढी करता करता लावला आणि वस्तरा ठेवून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. गिऱ्हाईक तीन दिवस अर्ध्या मिशीनं हिंडलं, तेही न्हाव्याला दोष न देता. ती तबकडी ताईनंच पास केली होती. शिक्का इतका जोरात मारला की टेबलाला तडा गेला.

"लोकांना घसा बसलेला आवडतो," ताई म्हणायची. "मला सर्दी झाली असती तर मीही अल्बम काढला असता."

दोन वर्षांनी दुसरा अल्बम आला. वर्तमानपत्रातल्या टीकाकारानं तो निघायच्या आधीच लिहून टाकलं की पहिल्यात जे होतं ते संपलं असणार. धाकटी घाबरली होती. घरी येऊन म्हणाली, "ताई, हा पडला ना, तर मी परत मोज्यांच्या दुकानात. पायाचं माप घेत बसेन."

"वाईट नाही ते," ताई म्हणाली. "बसून काम असतं."

त्याच आठवड्यात तो साचा माझ्या हाताखाली आला. भिंगातून बघितलं, श्वास रोखला आणि शिंकलो. भोक केसभर बाजूला पडलं. अशी तबकडी फिरताना किंचित लंगडते, सूर दर फेरीला जरासा चढतो, जरासा उतरतो. सामान्य माणसाला कळायचं नाही, पण ताईच्या कानातून सुटणं शक्य नव्हतं. म्हणून मी गप्प बसलो. ती हात वर करील, मी कपाळावर हात मारीन, नवा साचा येईल.

काचेतून बघत उभा राहिलो. पहिलं गाणं सुरू झालं. दुसऱ्या ओळीलाच ताईचा हात उठला. खांद्यापर्यंत आला. तिथे थांबला. ताईनं त्या हाताकडे असं बघितलं जणू तो दुसऱ्याचाच आहे. मग तो खाली ओढला आणि त्यावर बसली. हो, बसली! पूर्ण अल्बमभर डावा हात मांडीखाली, आणि शेवटी उजव्या हातानं शिक्का. पास.

मी बोललो तर शिंक उघडी पडणार, ती बोलली तर मत्सर. दोघंही एकमेकांना चहा आणून देऊ लागलो.

पहिला आठवडा शांततेत गेला. दुकानातून ना तक्रार, ना कौतुक. ताई गुणगुणायला लागली. मोज्यांच्या दुकानात जागा आहे का, हेही विचारून आली.

मग सुरू झालं. पलीकडच्या इमारतीतल्या एका बाईनं तो अल्बम लावला आणि जिन्यावर चढणारी माणसं आपापल्या पायरीवर बसून राहिली. टपालवाल्यानं त्या दिवशीची सगळी पत्रं तिथेच वाटली. एक जण म्हणे खलाशी होता, बोट सोडून सोळा वर्षं झालेली. ऐकता ऐकता त्याला बोट लागली. तो उलटी करून आला आणि म्हणाला, पुन्हा लावा. टीकाकारानं आपलेच शब्द परत गिळले. त्यानं लिहिलं, "पहिल्या अल्बमात ती गात होती. या अल्बमात तिच्या पायाखालची जमीन गाते आहे. प्रत्येक सूर जरासा तोल जाऊन सावरतो. ही डुलणी कुठून आली कोण जाणे, पण तीच या गाण्याचा जीव आहे."

ताईनं ते पान चार वेळा वाचलं. अंगाचा नुसता तिळपापड.

"डुलणी म्हणे! काका, ही डुलणी कुणाची आहे?"

"मला काय माहीत?" मी म्हणालो आणि नाक पुसलं.

"तिची नाही. तिच्या घशात डुलणी नव्हती, कधीच नव्हती. आणि कौतुक बघा, सगळं तिचं!"

सहा आठवड्यांनी धाकटी स्वतः काचेच्या खोलीत आली. दार उघडं होतं. बंद असतं तरी मी ऐकलं असतं.

"ताई, परवा मोठ्या सभागृहात गायचंय. तालीम ऐकायला आलेले लोक अर्ध्यातून उठले. म्हणतात, ती डुलणी कुठाय? अगं, मी सरळच गायलेय सगळं! हे तबकडीत काय झालंय?"

ताई शिक्का पुसत राहिली.

"तुला ऐकू आलं नव्हतं?"

"मला ऐकू येत नाही असं झालंय का कधी?"

धाकटीनं ताईकडे बघितलं. बहीण ती, तिला जे कळायचं ते कळलं. मी दाराआड खांबाला चिकटलो. आता केस ओढणार असं वाटलं. पण धाकटीनं खुर्ची ओढली आणि बसली.

"मग शिकव मला. तू शंभरदा ऐकलं असशील. परवा नाही जमलं तर संपलंच."

ताईच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी ओळखलं. चुकीचं शिकवायचं! दोन केस जास्त चढवायचं, की सभागृहात हसं व्हावं आणि मोज्यांचं दुकान पक्कं.

"म्हण," ताई म्हणाली, आणि स्वतः गाऊन दाखवलं. तिला गाताना मी पहिल्यांदाच ऐकलं. दोन केस जास्त चढवून, अगदी ठरवून.

धाकटीनं तसंच म्हटलं. तंतोतंत चुकीचं.

आणि ताईचा डावा हात वर गेला.

तिनं तो खाली ओढला. धाकटीनं पुन्हा म्हटलं, हात पुन्हा वर. ताई त्याच्यावर बसली. तिसऱ्या वेळी हातानं तिला खुर्चीतून अर्धं उचललं. खोटं वाटत असेल तर खुर्ची अजून कारखान्यात आहे, विचारा तिला.

"इतकं नाही गं, मूर्ख!" ताई ओरडली. "कमी! केसभर! सोडतेस कशाला, सावर त्याला!"

दुपारी चारपर्यंत चाललं ते. कारखान्यातली यंत्रं एकेक करून थांबली, कुणी थांबवली नव्हती. चारला धाकटीनं ती ओळ म्हटली आणि हात जागचा हलला नाही. तबकडीपेक्षा चांगली झाली होती, माझ्या भोकापेक्षाही. ताई तिच्याकडे बघत राहिली, तसंच, फणी हातात घेऊन बघितलं होतं तसं.

"हेही घेतलंस," ती म्हणाली.

"तूच दिलंस."

"मी नाही. या मेल्या हातानं."

मग तिनं शिक्का शाईत बुडवला, धाकटीचा हात धरला आणि मनगटावर मारला. इतका जोरात, की धाकटी कळवळली आणि ते कळवळणंही सुरात निघालं.

"बघा काका," ताई मला म्हणाली. मी खांबाआड आहे हे तिला सकाळपासून ऐकू येत होतं. "हिला दुखतं तेही सुरात! आणि तुम्ही तेवढं नाक दाखवून घ्या कुणाला तरी. त्या पाचही तबकड्यांत ऐकू येतं."