बाळोती

“काही उचललं होतं?”

“न्हाई जी. वट्यावरनं खाली पाय ठिवला, बास. मागनं कुनी काठी हानली वाटलं. वळून बगितलं तर कुनीच न्हाई.”

तळेगावच्या दवाखान्यात माधवराव डॉक्टर हौशीरामची टाच चाचपत होते. टाचेमागची जाड शीर तुटून वर सरकली होती. गेल्या साली उजव्या पायाची अशीच तुटलेली, आता डाव्या. लोणावळा स्टेशनावर उतरलेल्या साहेबांच्या ट्रंका डोक्यावर घेऊन बंगल्यापर्यंत पळणारा हा गडी. ओझ्यानं कधी वाकला नाही आणि घरच्या ओट्यानं त्याला आडवा केला.

डॉक्टरांना कारण सापडत नव्हतं. त्याच्या भुशी गावात मात्र ते सगळ्यांना पाठ होतं. पहिली बायको तापानं गेल्यावर हौशीरामनं मामाची मुलगी केली, ती सरुबाई पांढऱ्या पायाची. देवऋषीनंही तसंच सांगितलं. आता चुलता भिमाजी म्हणत होता, पोटुशी आहे तोवर पोरीला माहेरी घाला आणि परत आणू नका. सरूची सासू धोंडाबाई म्हणजे तिची सख्खी आत्या. तिनं सरूला एका शब्दानं दुखवलं नव्हतं, पण भिमाजीलाही गप्प बस म्हटलं नव्हतं. सरूला तेच जास्त लागलं होतं.

डॉक्टर हट्टी माणूस. शीर शिवायची तर होतीच, पण ती तुटली का, हे कळल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागेना. रक्त तपासलं, खोदून खोदून विचारलं, हाती काही लागलं नाही. ऑपरेशन उरकून ते बाहेर थांबलेल्या सासू-सुनेकडे आले, तेव्हा हात धुवायचेही विसरले होते.

“माणसाची शीर पांढरीशुभ्र असते,” ते म्हणाले. “याची शाईत बुडवल्यासारखी काळी आहे. आजी, हा तान्हा असताना याची बाळोती काळी पडायची का?”

धोंडाबाई पुढं सरकली.

“तुमास्नी कसं कळलं? म्या तर नवऱ्यालाबी सांगितलं नव्हतं. राखंच्या पान्यात धुवावं तर जास्तीच काळी. मग मी आनिक राख घ्यायची. गोठ्यामागं वाळत घालायची. लोकं म्हनली असती, पोराला बाधा झालीया.”

डॉक्टरांनी काचेच्या पेल्यात हौशीरामची लघवी आणवली आणि तिच्यात चमचाभर सोडा टाकला. आधी ती चहासारखी तांबूस झाली, मग बघता बघता काळी कुळकुळीत. सरूच्या अंगावर सरसरून काटा आला. या माणसाशेजारी ती रोज निजत होती. तिच्या जन्माआधीपासून त्याच्या कातडीखाली हे काळं गुपचूप झिरपत होतं, आणि त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. तिला भीती वाटली नाही. हात जोडावेत की काय, असं वाटलं.

“राखेचा गुण सोड्यासारखाच,” डॉक्टर हळू बोलत होते, गाभाऱ्यात बोलावं तसे. “जेवणातला एक अंश याच्या शरीराला जिरवता येत नाही. तो साचतो, शिरा काळ्या आणि ठिसूळ करतो. पुस्तकात वाचलं होतं. या डोळ्यांनी पाहीन असं वाटलं नव्हतं.”

“मंग कुनाच्या पायगुनानं...” सरूनं विचारलं.

“जन्मापासूनचं आहे हे. तू तेव्हा होतीस कुठं?”

औषध नव्हतं. काठीनं चालेल, ओझं उचलणं मात्र सुटलं. सरूनं पोटावर हात ठेवून डॉक्टरांकडे पाहिलं.

“तुम्हा दोघांचं रक्त एकच. बाळाला होईलही, नाहीही होणार.”

घरी भिमाजी ओट्यावरच बसला होता. त्यानं तोंड उघडायच्या आत धोंडाबाई म्हणाली, “सरू कुटं जानार न्हाई. लेकाचं दुखनं म्या माझ्या पोटातनं दिलंय.” भिमाजी पागोटं सावरत उठून गेला.

सरूला मुलगी झाली. धोंडाबाईनं पहिली बाळोती राखेच्या पाण्यात बुडवली आणि दोघी बघत बसल्या. कडेनं तांबूस चढलं, मग काळं पसरत गेलं. धोंडाबाईनं डोळे पुसले, बाळोती पिळली आणि जुन्या सवयीनं गोठ्यामागं निघाली.

सरूनं तिच्या हातातून पिळा घेतला.

“आत्या, हितंच वाळू द्या. ऊन हितं हाय.”

ओट्यासमोरच्या दोरीवर, येणाऱ्याजाणाऱ्या साऱ्या गावाच्या तोंडासमोर, तिनं एकेक बाळोतं झटकून नीट पसरलं. ओट्यावर काठी घेऊन बसलेला हौशीराम ते काळे डाग वाळेपर्यंत बघत राहिला.