मेंढ्याचं फडकं

सुचेताने मेंढ्याचं फडकं धुतलं. नुसतं धुतलं नाही, साबण लावून, आपटून, नवऱ्याच्या, उदयच्या शर्टाशेजारी चिमटे लावून वाळत घातलं. आणि वर सासूलाच सांगायला आली, "आई, मेंढ्याचं ते मळकं फडकं पण धुऊन टाकलं हं."

महालक्ष्म्यांचा दिवस. सिंधूबाई सोळा भाज्यांच्या फोडण्यांत बुडालेल्या. पळी हातात तशीच घेऊन मागच्या अंगणात धावल्या, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. मेंढा भिंतीच्या सावलीत उभा होता, जावई जेवून उठल्यासारखा.

"अगं, पोटाखाली बांधलेलं होतं ना ते!"

"हो, पण किती वास मारत होता. आज देवी घरात..."

"देवीने सांगितलं तुला, मेंढ्याला सोड म्हणून?"

"मला वाटलं, थंडीसाठी बांधलंय."

"भादव्यात थंडी? बँकेत हेच शिकवतात?" सिंधूबाईंनी पळी रोखली. "कुणापाशी गेला?"

सुचेता लाजली. "त्या मोठ्या पांढरीपाशी. काळी तर पळाली."

म्हणजे गोरी. नेमकी गोरी!

गोणपाटाचं ते फडकं मेंढ्याच्या पोटाखाली असलं की तो मेंढ्यांत हिंडतो, चरतो, पण त्याला पुढचं काही जमत नाही. कोणती मेंढी दाखवायची ते घरच्या बाईने ठरवायचं आणि मगच गाठ सोडायची, ही सिंधूबाईंच्या माहेरची रीत. आणि या वर्षी त्यांचं ठरतच नव्हतं.

उदय आषाढापासून मागे लागला होता. "आई, इस साल रहने दो ना. मेंढा लावू नकोस. दिवाळीपर्यंत सगळ्या देऊन टाकू, तू मिसरोदला आमच्या फ्लॅटवर ये. लिफ्ट आहे, गार्डन आहे." लिफ्टमध्ये बसून काय वर-खाली करत राहू, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. फडकं बांधलेलं राहिलं तर दिवाळीला मिसरोद. सुटलं तर माघापर्यंत इथेच, सोनागिरीला, कारण गाभण मेंढी कुणाच्या गळ्यात घालून जायचं नसतं.

आणि सोडायचं तरी कुणासाठी? काळीचे दात झिजलेले. या वर्षी नाही तर कधीच नाही, आणि या वर्षी म्हटलं तर बाळंतपणात ती उरेल की नाही कोण जाणे. सिंधूबाईंनी अकोल्याकडून आणलेल्या मेंढीच्या वंशातली ती शेवटची. गोरी अंगाने भरलेली, कास मोठी, कुणीही तिलाच निवडलं असतं. पण गेल्या साली व्याली, कोकराला एकदा हुंगलं आणि सरळ चाऱ्याकडे चालती झाली. कोकरू गारठून गेलं. तेव्हाच सिंधूबाईंनी ठरवलं होतं, हिला पुन्हा मेंढा नाही.

पूर्वी असलं काही नवऱ्याशी, नारायणरावांशी बोलून ठरायचं. कारखान्यात जन्मभर क्रेन चालवलेला माणूस. निवृत्त झाल्यावरही शिफ्टचा भोंगा वाजला की सायकलवर पाला लादून फाटकाशी हजर. "तू म्हणशील ती," एवढंच म्हणायचे. पण ते म्हणायला कुणी असलं की ठरवता येतं. आता भोंगा झाला की काळी तेवढी फाटकाकडे मान वळवते. बाकीच्यांनी त्यांना पाहिलेलंच नाही. काळीने मान वळवली की सिंधूबाई दुसरीकडे बघतात.

सण झाला, लेक-सून जेवून गेली. सिंधूबाईंनी फडकं पुन्हा बांधलं. साबणाच्या वासाने मेंढा शिंकत हिंडला. पितृपक्ष उलटता उलटता तो गोरीपाशी गेला, हुंगलं, तोंड फिरवून परत आला. गोरी माजावर आली नाही. म्हणजे गाभण राहिली.

सिंधूबाईंना आधी राग आला. मग हायसं वाटलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

त्याच आठवड्यात काळी शेपूट हलवत मेंढ्याभोवती फिरू लागली. सिंधूबाई तिच्यापाशी बसल्या, दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला. एकदा दुसरीचं कोकरू आपलं म्हणून पाजलेली मेंढी ही. गोरी टाकील ते पोर कुणाच्या तरी कुशीत जायला हवं. "काय गं, झेपेल?" त्यांनी विचारलं. काळी रवंथ करत राहिली. त्यांनी आपल्या हाताने गाठ सोडली.

नवरात्रातल्या रविवारी सुचेता एकटीच आली. पिशवीतून सीताफळं काढली आणि त्याखालून एक जाड कापड, चारी टोकांना नाड्या शिवलेलं.

"मेंढ्यासाठी. मशीनवर शिवलं. धुता येतं."

सिंधूबाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं. टाके पक्के होते. नाडीही ओढून बघितली, तुटली नाही.

"आई, ते विचारत होते, दिवाळीचं काय ठरवलंत?"

सिंधूबाईंनी फडक्याची नीट घडी घातली, मांडीवर ठेवली आणि सुनेकडे पाहिलं.

"ऐक. तुझ्या साबणाने गोरी गाभण आहे. माघात ती व्यायची आणि पोर टाकून चालती व्हायची. काळी पंधरा-वीस दिवसांनी व्याली की पाजेल, पण म्हातारीचं दूध दोघांना पुरायचं नाही. तेव्हा बाटली धरायची ती तू. रजा काढ, गोधडी घेऊन ये, इथेच झोपायचं. आणि नवऱ्याला जाऊन सांग, आई मिसरोदला येत नाही. सून सोनागिरीला येते."