मंदीचा नजराणा

"मंदी पुन्हा चढली," फोनवर हात ठेवून इंद्रजित म्हणाला, आणि बाकावरच्या माथाड्यांची कुजबुज थांबली. त्याने फळ्यावर आकडा लिहिला.

वाशीच्या घाऊक बाजारामागे जयप्रकाशशेठचे शेअर-दलालीचे ऑफिस होते. इंद्रजित तिथला कारकून. कायद्याने केव्हाच बंद केलेला, आणि म्हणूनच बिनबोभाट चालणारा, तेजी-मंदीचा व्यवहार तिथे होई. ठरल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क म्हणजे तेजी, विकण्याचा हक्क म्हणजे मंदी, आणि हक्कापोटी आगाऊ द्यायची रक्कम म्हणजे नजराणा. मंदीचा नजराणा तेजीहून महागला की लोक घाबरले समजावे, हे साताऱ्याकडच्या या हमालांना इंद्रजितनेच शिकवले होते. ते त्या आकड्याला बाजाराचे मन म्हणत. ज्या समाजाने मनाचा विचार संतांवर सोपवून हात झटकले, त्याला आता मनाचा भाव रोज खडूने लिहून मिळू लागला होता.

टोळीचा मुकादम हौसेराव घरी कागद आणायला गेला होता. त्याच्याकडे सिमेंट कंपनीचे थोडे शेअर होते. लेक ज्ञानेश्वरीच्या जूनमधल्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी त्याने ते राखले होते. फळा पाहून आज विकायला काढले.

इंद्रजित आतल्या खोलीत गेला आणि लोक फार घाबरलेत, असे म्हणाला. शेठ बशीतला चहा पीत हसले.

"कोण घाबरलंय? शनिवारी तू लोक घाबरलेत म्हणालास, म्हणून बाकावरच्या आपल्याच लोकांनी मंदी घेतली. फोर्टातल्या ज्या दलालाकडून मी ती घेऊन दिली, तोच तुला रोज भाव सांगतो. मागणी वाढली, नजराणा वाढला. देवळात घंटा आपणच वाजवायची, नि देव बोलला म्हणायचं."

"मग बाहेर सांगायला पाहिजे, शेठ."

"सांग की. फळा तुझाच आहे."

तो बाहेर आला तेव्हा हौसेराव टेबलासमोर बसला होता. शेजारून बाबासो त्याला डिवचत होता, "मुकादम, सुई टोचनार ती पोरगी. तिला तरी इचारलं का?"

"इंद्रजितरावांनी सांगितलंय न्हवं? झालं तर. कवडीमोल व्हायच्या परीस आज येतील ते पैसे बँकेत ठेवतो. फीला कमी पडतील, ते बघू कुठनं तरी."

जीभ दातांत धरून त्याने ट्रान्सफर फॉर्मवर सही केली. ती ऑफिसात ठेवलेल्या नमुना-सहीशी जुळत नव्हती. नावातला 'रा' आडनावात घुसला होता. सही जुळल्याशिवाय शेठ लहान माणसाचा सौदा लावत नसत.

"जुळली न्हवं?" हौसेरावने विचारले.

एक 'नाही' पुरेसे होते. ते खरे होते, त्यासाठी फळ्याची कबुली द्यावी लागत नव्हती, आणि त्या दिवसापुरते तरी शेअर वाचले असते. पण मग हौसेराव उद्या पुन्हा आला असता, आणि उद्या फळ्यावर काय लिहायचे, हा प्रश्न उरला असता. प्रामाणिकपणा इतका स्वस्त मिळत असताना माणसे तो का घेत नाहीत, याचे उत्तर कुठल्याच शास्त्रात नाही.

"दुसरा फॉर्म घ्या, आबा," इंद्रजित म्हणाला. "'रा' जरा सुटा काढा."

आणि कोऱ्या कागदावर त्याने तो काढून दाखवला.

जूनपर्यंत सिमेंटचा शेअर चढतच राहिला. फीला पैसे कमी पडले, आणि नर्सिंगची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. ज्ञानेश्वरी रबाळ्याच्या औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटे भरू लागली.

ऑगस्टमध्ये एका दुपारी इंद्रजित फळ्यापाशी उभा असताना हौसेराव पेढ्यांचा पुडा घेऊन आला. लेकीचा पहिला पगार झाला होता. फळ्याने तुम्हाला बुडवलं, असे बाबासो बाकावरून पुटपुटला, तसा हौसेराव त्याच्यावर खेकसला.

"बाजाराचं मन फिरलं, त्याला इंद्रजितराव काय करनार? मानूस खोटं नाय बोलला." मग त्याने पुडा पुढे केला. "पयला तुमाला, साहेब. आज कसं हाय मन?"

इंद्रजितने हात पुढे केला. पेढ्याला खडू लागला. तो त्याने तसाच खाल्ला.